बसलं तर घाला

"मास्तर, हायसा का घरात?"

रविवारची सकाळ होती आणि मी एका ओळीपाशी अडून बसलो होतो. शालन भोईटेचं लग्न बारा दिवसांवर आलं होतं आणि तिच्या मंगलाष्टका माझ्या गळ्यात पडल्या होत्या. गळ्यात पडल्या म्हणायची आपली रीत. खरं तर मी गळा पुढे करूनच बसलेला असायचो. आमच्या तालुक्याच्या गावात तेव्हा लग्न म्हटलं की घरच्या मंगलाष्टका लागतच. दोन्हीकडचे आजोबा, मामा, आत्या, काका, सगळ्यांची नावं कडव्यांत गुंफायची, गुलाबी कागदावर छापून मांडवात वाटायची आणि मुहूर्तावर लाउडस्पीकरवरून म्हणायची. आपलं नाव कितव्या कडव्यात आलं यावरून माणसं वर्षवर्षभर अबोला धरत. हायस्कुलात मराठी शिकवणारा मी एकटा, म्हणून हे काम माझ्याकडे येई. सव्वीस लग्नं लावली होती मी, म्हणजे शब्दांनी. रिसबूड मास्तरांच्या मंगलाष्टकांत वृत्त कधी ढळत नाही असा माझा लौकिक होता. तो पसरवण्यात माझाही हात होता.

बाहेर कोंडाबाई उभी होती. उंबऱ्याच्या आत ती कधी यायची नाही.

कोंडाबाई म्हणजे कंपाउंडर भोईट्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणारी विधवा. मूलबाळ नाही, मागेपुढे कोणी नाही. पेठेतल्या एका दुकानात धान्य निवडायला जायची. शालन अकरा दिवसांची असताना तिची आई गेली आणि भोईट्यांनी ते गाठोडं कोंडाबाईच्या मांडीवर ठेवलं, "दोन दिवस सांभाळ, काहीतरी सोय बघतो" म्हणून. ते दोन दिवस एकोणीस वर्षं चालले. सोय काही भोईट्यांना सापडली नाही आणि पुढे त्यांनी ती शोधलीही नाही.

वयानं ती माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. तरी मी तिला अगं-तुगं करायचो. तेव्हा त्यात काही वावगं वाटत नसे.

"काय गं, काय काढलंस?" मी बसल्या जागेवरून विचारलं.

"येक काम हुतं. लग्नाच्या गाण्यात तुम्ही समद्यांची नावं घेता न्हवं?"

"गाणं नव्हे. मंगलाष्टका."

"तेच. त्यात माझं बी घ्या की."

मला हसू आलं. ते मी दाबलं असं वाटत होतं, पण तिला दिसलं असावं, कारण ती भराभर बोलायला लागली.

"म्हंजी बघा, कन्यादानाला तिची मावशी आन काका बसत्याल. हळदीला मी हात लावायचा न्हाई. आंतरपाटाजवळ बी मी हुबं ऱ्हायचं न्हाई. रीत हाय ती, त्येला कोन काय करणार? माझी काय तक्रार न्हाई. पर नाव घ्याया कुनाची हरकत न्हाई न्हवं? मी मागं खांबापशी हुबी ऱ्हाते. नाव जाऊ द्या म्होरं."

"अगं, ते इतकं सोपं नसतं."

"का वो?"

आता, 'गद्य आणि पद्य यांतील फरक स्पष्ट करा' हा प्रश्न मी नववीच्या वर्गाला दर वर्षी घालत असे. उत्तर तोंडावर होतं. समोर नववीचा वर्ग नसून धान्य निवडणारी बाई आहे एवढ्यानं थांबेल तो मास्तर कसला.

"हे बघ," मी म्हणालो, "आत्ता तू बोलतेयस ना, ते गद्य. साधं बोलणं. त्यात काहीही मावतं. पोत्यासारखं असतं ते, भरशील तसं भरतं. मंगलाष्टका म्हणजे पद्य. पद्यात एकेक अक्षर निवडून घ्यावं लागतं. प्रत्येकाची जागा ठरलेली असते."

निवडायचं म्हटल्यावर तिचा चेहरा खुलला. "आमच्या तांदळावानी. मग हाय की सोपं. मला बी येक जागा द्या. कडंची चालंल."

"बघतो," मी म्हणालो.

आपल्याकडे 'बघतो'चा अर्थ काय होतो ते सगळ्यांना ठाऊक असतं. तिलाही असणार. पण तिनं तो माझा शब्द समजून पदरात बांधून घेतला. जाताना सांगून गेली की लग्नाच्या अक्षतांचे तांदूळ तीच निवडतेय, दोन पायल्या, आणि त्यात एक तुटकी कणी कोणी दाखवून द्यावी.

संध्याकाळी भोईटे नावांची यादी घेऊन आले. एकवीस नावं होती. कोंडाबाईचं नव्हतं. मी विचारलं तेव्हा त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"बसलं तर घाला, मास्तर," ते म्हणाले. "न्हाईच बसलं तर ऱ्हाऊ द्या. तुमचं शास्त्र आम्हाला काय कळतंय."

म्हणजे सगळं माझ्यावर आलं. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की त्या नावासाठी मी दोन दिवस डोकं फोडलं. खोटं आहे ते. पाचेक मिनिटं पेन्सिल फिरवली असेल. कों-डा-बा-ई. चारही अक्षरं गुरू, म्हणजे लांब उच्चाराची. मंगलाष्टका ज्या वृत्तात म्हणतात त्या शार्दूलविक्रीडिताच्या ओळीत एकोणीस अक्षरं असतात, त्यातलं कुठलं लांब आणि कुठलं आखूड हे पक्कं ठरलेलं असतं, आणि लागोपाठ चार लांब अक्षरं त्या ओळीत कुठंच येत नाहीत. हवं तर मोजून पाहा. याचं मला वाईट वाटायला हवं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं, कारण ते नावच मला नको होतं. मनोहर, वसुंधरा, जयसिंग अशा नावांच्या पंगतीत कोंडाबाई! आधीची भावंडं दगावली म्हणून मूठभर कोंडा देऊन विकत घेतल्यासारखं केलेली पोर ती. काळाची नजर चुकवायला ठेवलेलं तिचं ते नाव. छापखान्यात कागद देताना मी मालकाला विनोदसुद्धा सांगितला, "तांदळात कोंडा कुठं घालू?" तो हसला. मी त्याच्याहून जास्त हसलो.

तिच्या जागी मी शालनच्या मुंबईच्या मामाला आणखी एक ओळ दिली. मनोहररावांनी एकोणीस वर्षांत भाचीचं तोंड दोनदा पाहिलं होतं. ओळ मात्र झकास उतरली: 'मामा थोर मनोहरास नमुनी, आशीष घेई शिरी.' मी ती दहा वेळा गुणगुणलो असेन.

लग्न शाळेच्या मागच्या पटांगणात होतं. दुपारचा मुहूर्त, वैशाखातलं ऊन, मांडवाखाली माणसांची ही दाटी. अंतरपाट धरला गेला आणि मी माईक हातात घेतला. गणपती, कुलदैवत, मग भोईट्यांचे वडील, मग व्याह्यांकडचे. कडवं संपलं की मी 'शुभमंगल सावधान' म्हणायचो आणि चारशे हात एकदम वर जायचे.

एक हात जात नव्हता. कोंडाबाई शेवटच्या खांबापाशी उभी होती, ठरल्याप्रमाणे. नवं कोरं इरकली लुगडं, उजवी मूठ छातीशी आवळलेली. पहिल्या कडव्याला मला वाटलं हिला अक्षता पोचल्या नाहीत. तिसऱ्या कडव्याला लक्षात आलं की मूठ भरलेली आहे. ती तिनं आपल्या कडव्यासाठी राखून ठेवली होती.

चौथं कडवं झालं, पाचवं झालं. प्रत्येक कडवं सुरू झालं की ती मान पुढे काढायची, कानामागे पदर सारायची आणि ओठ किंचित उघडे ठेवून ऐकायची. मला माहीत होतं की पुढच्या तीन कडव्यांत काही नाही. साऱ्या मांडवात हे फक्त मला माहीत होतं. माईक माझ्या हातात होता. दोन कडव्यांच्या मध्ये थांबून मी साध्या बोलण्यात एक वाक्य बोलू शकलो असतो, की या मुलीला कोंडाबाईनं वाढवलंय, ती मागे उभी आहे. कोण अडवणार होतं मला? भटजींनीसुद्धा मान डोलावली असती. पण मंगलाष्टकांच्या मध्येच गद्य? रिसबूड मास्तरांच्या? मी सहावं कडवं सुरू केलं. आठवं कडवं मी नेहमीसारखं आवाज चढवून संपवलं, वाजंत्री वाजली, अंतरपाट निघाला, आणि त्या शेवटच्या अक्षतांनाही ती मूठ मिटलेलीच राहिली.

पंगती बसल्या. मी व्याह्यांच्या गावचे एक हेडमास्तर आणि चारदोन मंडळी यांच्या घोळक्यात उभा होतो. हेडमास्तर म्हणत होते, "एवढं शुद्ध शार्दूलविक्रीडित अलीकडे ऐकायला मिळत नाही हो." तेवढ्यात मागून कोणी तरी हळूच म्हणालं, "मास्तर."

डाव्या हातात गुलाबी कागद होता. उजवी मूठ अजून मिटलेली.

"त्यो करणा लई घरघरत हुता वो," ती म्हणाली. "मला म्हातारीला काय नीट ऐकाय आलं न्हाई. माझं नाव कंच्या वक्ताला आलं?"

तिनं लाउडस्पीकरच्या कर्ण्यावर ठपका ठेवला होता. स्वतःच्या कानांवर ठेवला होता. माझ्यावर ठेवायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. मी खरं सांगायला तोंड उघडलं, अगदी उघडलं होतं. पण हेडमास्तर पान चघळत आमच्याकडे कौतुकानं बघत होते. यांच्यादेखत 'तुझं नाव बसलं नाही' म्हणायचं, मग ती 'का' विचारणार, मग सगळी शोभा. मी कागद तिच्या हातून घेतला, सहाव्या कडव्यात मामा मनोहररावांच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "हे बघ. इथं आहे."

"ह्ये?"

"हो. हेच."

ती त्या ओळीकडे बघत राहिली. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी डावीकडून उजवीकडे तिनं डोळे फिरवले. मग वळून चौरंगाकडे पाहिलं. शालन नवऱ्याशेजारी फोटोला उभी होती. कोंडाबाईनं तिथूनच, वीस हातांवरून, ती मूठ उघडून अक्षता टाकल्या. त्या चौरंगापर्यंत कशा पोचणार? दोनचार जेवणाऱ्यांच्या पानात पडल्या. एवढा वेळ घामात धरल्यामुळे तिचा तळवा हळदीनं पिवळाधमक झाला होता. त्याच हाताचं बोट तिनं मी दाखवलेल्या ओळीवर टेकवलं, कागदाची चौघडी केली आणि कनवटीला लावला.

"भरून पावले," ती म्हणाली. "जेवला का तुम्ही?"

मी जेवलो. बासुंदी दोनदा घेतली. हे मुद्दाम सांगतो, कारण त्या दिवशी मला तेवढंच वाटलं. लाज लगेच वाटत नाही. ती मागाहून येते आणि मुक्कामाला येते.

शालन सासरी नागपूरकडे गेली. कोंडाबाई रस्त्यात दिसली की दोन्ही हात जोडायची. मी हळूहळू पेठेतून जायचं सोडलं आणि नदीकडच्या वाटेनं जायला लागलो. लांब पडायची, पण पडू दे. अशी आठ वर्षं गेली.

मग साक्षरतेची मोहीम आली. आम्हा शिक्षकांना एकेक वस्ती वाटून दिली. मला वाण्यांच्या गल्लीमागची मिळाली. दुपारी तीन ते साडेचार, बालवाडीच्या खोलीत, बायकांचा वर्ग. आधी आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. त्यात बजावून सांगितलं होतं की शिकायला येणाऱ्यांना अहो-जाहो करायचं, त्यांचा मान राखायचा. मी वहीत लिहून घेतलं.

पहिल्या दिवशी चौदा बायका आल्या. तेराव्या नंबरावर कोंडाबाई. सक्ती पस्तिशीच्या आतल्यांना होती. ही छपन्न-सत्तावन्नची, आपण होऊन आली होती. शिकावंसं का वाटतं ते प्रत्येकीनं सांगायचं होतं. कोणी म्हणाली बँकेत अंगठा द्यायची लाज वाटते. हौसाबाई नावाची एक ठसकेबाज बाई म्हणाली, "एस्टीची पाटी वाचाय. येकदा कराडला जायचं ती कोरेगावात जाऊन बसले." सगळ्या हसल्या.

"तुम्ही, कोंडाबाई?" मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला तुम्ही म्हणालो.

"मला येक कागद वाचायचाय," ती म्हणाली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात भर दुपारचं ऊन पडलं.

"मग इतकी वर्षं कुणाकडून वाचून का नाही घेतलात?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"आन कशाला? तुम्ही बोट ठिवून दावलाय की. दुसऱ्याला इचारायचं म्हंजी तुमच्यावर इस्वास न्हाई आसं व्हतं. आता माझ्या डोळ्यांनी वाचलं म्हंजी झालं."

एकतीस वर्षांच्या नोकरीत शिकवण्यात मी हयगय केली ती फक्त त्या वर्गात. नियम असा होता की पहिल्या आठवड्यात प्रत्येकीला स्वतःचं नाव लिहायला शिकवायचं. मी रोज दोघीतिघींची नावं घेत गेलो. हौसा झाली, पारू झाली, इंदू, गोदा, तानूबाई झाली. कोंडाबाई पाटी पुढे करायची आणि मी म्हणायचो, "तुमचं जरा अवघड आहे. मागाहून घेऊ." माझ्या हातून तिचं नाव दुसऱ्यांदा गळत होतं, आणि या खेपेला वृत्ताचं निमित्तही नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात हौसाबाईच खवळली. "मास्तर, समद्यांची नावं झाली. कोंडाईचं ऱ्हायलंय की."

"कोणाचं?"

"कोंडाईचं. ह्या काय म्होरंच बसल्यात."

"तुम्ही त्यांना कोंडाई म्हणता?"

"आता, समदी गल्ली म्हनती. शालन म्हनायची, बोलाय लागल्यापास्नं. तिचंच ऐकून आमी बी."

मी फळ्याकडे तोंड केलं. कोंडाई. तीन अक्षरं, तिन्ही गुरू. शार्दूलविक्रीडिताची प्रत्येक ओळ तीन गुरूंनीच सुरू होते. ज्या मुलीच्या लग्नाची कडवी मी करत होतो ती मुलगी या बाईला काय हाक मारते, एवढं मी विचारलं नव्हतं. भोईट्यांच्या घरी जाऊन शालनला विचारायला किती वेळ लागला असता?

खडू घेऊन मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'कोंडाबाई'. ती उठून फळ्याजवळ आली, अगदी जवळ, आणि प्रत्येक अक्षराला बोट लावून परत जागेवर बसली. त्या दिवशी तिनं दुसरं काही केलं नाही. पाटीच्या दोन्ही बाजू नावानं भरून काढल्या.

दुसऱ्या दिवशी तिनं कनवटीचा कागद काढला.

गुलाबी रंग उडून तो मातकट झाला होता आणि चौघडीच्या रेघांवर फाटायला आला होता. तिनं तो सतरंजीवर पसरला, शेजारी नाव लिहिलेली पाटी ठेवली आणि एकदा पाटीकडे, एकदा कागदाकडे बघत ती सहाव्या कडव्यापाशी आली. ओळीवर हळदीचा डाग अजून होता. बाकीच्या बायका लिहीत होत्या. मी हजेरी भरण्याचं सोंग करत होतो, आणि तिचं बोट कुठं आहे एवढंच मला दिसत होतं.

बोट ओळीच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत गेलं. परत आलं. पाटीवरच्या 'को'वर टेकलं, मग कागदावर 'को' शोधायला निघालं. त्या ओळीत 'को' नव्हता. ती वरच्या ओळीत गेली, खालच्या ओळीत गेली. मग अगदी पहिल्या कडव्यापासून निघाली, धान्य निवडते तशी, एकेक अक्षर बाजूला सारत. आठ कडवी. पाव तास लागला असेल. खोलीत लेखणी घासल्याचा आवाज तेवढा होता.

शेवटच्या ओळीनंतर तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मी निभावलं असतं. तिनं नुसतं पाहिलं, धडा कळला नाही की पोरं मास्तरांकडे बघतात तसं.

"त्यात जोडाक्षरं फार आहेत," मी म्हणालो. "ती अजून आपण घेतलेली नाहीत. त्यामुळे..."

हौसाबाई कागदावर वाकली. "घावलं का गं नाव, कोंडाई? दाव की मला. वाच मोठ्यानं."

कोंडाबाईनं कागदाच्या घड्या घातल्या, जुन्याच रेघांवर, सावकाश. "न्हाई गं," ती म्हणाली. "मला अजून जोडाक्षरं येत न्हाईत. मास्तर शिकवत्याल तवा वाचू."

तिच्या नावात एकही जोडाक्षर नव्हतं. दोन दिवस तेच नाव गिरवणाऱ्या बाईला हे कळत होतं. माझं खोटं माझ्या हातून गळून पडलं होतं, ते तिनं उचललं, झटकलं आणि चारचौघींत माझ्या अंगावर नीट पांघरलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मी मुलांना वाक्प्रचार म्हणून पंधरा वर्षं शिकवत होतो. त्या दिवशी मला त्याचा अर्थ कळला.

बालवाडीपासून माझं घर चार मिनिटांवर. तेवढ्या वाटेत, मी न बोलावता, एक ओळ येऊन उभी राहिली: 'कोंडाईच खरी तिची जननि ती, वंदू तिला आदरे.' मोजली. एकोणीस अक्षरं, सगळी आपापल्या जागी, कुठं ओढाताण नाही. चार मिनिटांचं काम होतं ते, आणि मी त्याला आठ वर्षं उशीर केला होता. घरी जाऊन मी ती लिहूनही ठेवली नाही. कोणाला दाखवणार होतो?

दुसऱ्या दिवशी तिला सगळं सांगून पाय धरायचे असं मी ठरवलं. तिसऱ्या दिवशीही ठरवलं. ती रोज येत राहिली, पहिल्या ओळीत बसत राहिली, जोडाक्षरं शिकली, आणि त्या कागदाचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. मीही काढलं नाही. त्या महिन्यात दोन लग्नांची माणसं मंगलाष्टकांसाठी आली, त्यांना मी घशाचं दुखणं सांगून परत पाठवलं. ते दुखणं पुढं कायमचं झालं.

सहा महिन्यांनी परीक्षा झाली. दहा गुणांचा शेवटचा प्रश्न होता, 'स्वतःविषयी पाच वाक्ये लिहा.' बायका कपाळाला आठ्या घालून, ओठ चावत लिहीत होत्या. सगळ्यात शेवटी कोंडाबाई उठली. तिनं कागद माझ्या हातात दिला आणि टेबलाशीच उभी राहिली. अक्षर मोठं, टपोरं, दोन शब्दांत बोटबोट अंतर. मी वाचलं.

'माझे नाव कोंडाबाई. मी धान्य निवडते. मी शालनला लहानाची मोठी केली. तिचे लग्न थाटात झाले. लग्नात मास्तरांनी माझे नाव घेतले.'

मी पाचवं वाक्य पुन्हा वाचलं. मग तिच्याकडे पाहिलं.

"कोंडाबाई," मी म्हणालो, "हे शेवटचं वाक्य..."

"का? चुकलंय का काय, मास्तर?"

"चुकलं नाही. पण..."

"मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तुम्हीच म्हनला हुता, साध्या बोलन्यात कायबी मावतं."

तिनं पदर सावरला, दाराशी काढलेल्या वहाणा पायांत सरकवल्या आणि हौसाबाईला हाक मारत ती बाहेर पडली. मी लाल पेन उघडलं. पाचही वाक्यं शुद्ध होती, कुठंही काना-मात्रा चुकली नव्हती. मी दहापैकी दहा दिले आणि खाली सही केली.